यॉर्कचा शेवटचा प्रवेश

"शेवटचा प्रवेश काढून टाकू या," असं सुबोध म्हणाला तेव्हा मी कप इतक्या जोरात खाली ठेवला की बशीला तडा गेला. बशी नंदाने उचलली, टेबल पुसलं आणि ती आत गेली. तिच्याकडे माझं लक्षही नव्हतं. मी सुबोधवर डोळे रोखून बसले होते.

२००६ चा सप्टेंबर होता. नागपूरच्या धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होणार होती. सिंगापूरमधली आम्ही पंधरा-वीस बौद्ध मराठी कुटुंबं दसऱ्याच्या आदल्या रविवारी टॅम्पिनीसच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम करणार होतो. वंदना, बावीस प्रतिज्ञा, मुलांचं नाटक आणि मग जेवण. नाटक मी लिहिलं होतं. सुबोध हा आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. जहाजावरचा इंजिनियर, माणूस भला, पण कुणालाच दुखवायचं नाही हा त्याला जडलेला आजार.

"सुलेखाताई, लहान मुलं आहेत," तो म्हणाला. "माणसं समुद्रापाशी पोचतात, आनंद होतो, तिथेच संपवू. पुढचं रडगाणं कशाला?"

"पुढचं सांगायचं नसेल तर ही गोष्टच मुलांना सांगू नका," मी म्हटलं. "सहलीचं नाटक करा. खाऊ वाटा."

माझा नवरा रत्नदीप वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला. मी चिडले की तो असंच करतो.

आता गोष्ट काय ते सांगते, म्हणजे मी का भडकले ते कळेल. मी नोव्हेनाला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दोन वर्षांपूर्वी एका परिषदेसाठी अमेरिकेत सेंट लुईसला गेले होते. तिथे एका मोहिमेच्या द्विशताब्दीचं प्रदर्शन लागलं होतं. १८०४ साली लुईस आणि क्लार्क नावाचे दोन कॅप्टन तीसचाळीस माणसं घेऊन तिथून निघाले आणि नदी, डोंगर पार करत पश्चिमेच्या महासागरापर्यंत जाऊन अडीच वर्षांनी परत आले. त्या माणसांमध्ये एक यॉर्क होता. तो क्लार्कचा गुलाम. लहानपणापासून क्लार्कबरोबर वाढलेला, आणि बापाच्या पश्चात वारशाने त्याच्याकडे आलेला. घरातली भांडीकुंडी येतात तसा.

मी त्या प्रदर्शनात त्याची गोष्ट लिहिलेल्या भिंतीसमोर अर्धा तास उभी होते. नंतर त्यावरचं मिळेल ते वाचून काढलं. प्रवाहाच्या उलट्या दिशेने या लोकांनी होड्या दोरांनी ओढल्या. धबधबे आडवे आले तेव्हा होड्यांना लाकडी चाकं लावून त्या माळावरून नेल्या, त्यात महिना गेला. निवडुंगाचे काटे कातड्याचे जोडे फोडून पायात घुसायचे. गारांनी अंगं रक्तबंबाळ झाली. पुढे बर्फाच्या डोंगरात खायला काही उरलं नाही तेव्हा शिंगरं मारून खाल्ली, चरबीच्या मेणबत्त्याही खाल्ल्या. यॉर्क या सगळ्यात होता. तो शिकार करायचा, ओझी वाहायचा. एक सार्जंट पोटाच्या दुखण्याने मरायला टेकला तेव्हा त्याची सेवा यॉर्कनेच केली.

वाटेत अरिकारा या तिथल्या आदिवासी लोकांची गावं लागली. त्यांनी काळा माणूस कधी पाहिला नव्हता. सगळं गाव त्याच्याभोवती जमायचं, पोरं मागे लागायची आणि त्याने वळून पाहिलं की किंचाळत पळायची. तो पोरांना सांगायचा, मी पूर्वी रानातलं जनावर होतो, मालकाने मला पकडलं आणि माणसाळवलं. हे कॅप्टनच्या रोजनिशीत गंमत म्हणून लिहिलं आहे. मला वाचताना हसू आलं नाही.

शेवटी महासागर आला. हिवाळ्यात तळ कुठे ठोकायचा यावर प्रत्येकाचं मत घेतलं, त्यात यॉर्कचंही घेतलं. गुलामाला मत विचारलं! सुबोधला पडदा पाडायचा होता तो इथे.

परत आल्यावर सोबतच्या शिपायांना जमिनी मिळाल्या. यॉर्कला काहीच मिळालं नाही. त्याची बायको दुसऱ्या गावी होती, तिच्याजवळ राहून काम करू द्या असं तो म्हणाला. त्याने सुटका मागितली. क्लार्कने नकार दिला आणि भावाला पत्रं लिहिली, की हा माजलाय, मी त्याला झोडपलं. पुढे सोडला म्हणतात, पण दहाएक वर्षांनी. सगळी माणसं जन्मतः समान असतात असं ज्या देशाने कागदावर लिहून ठेवलं, त्या देशातली ही गोष्ट. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"दीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाला आपणच ते झाकायचं?" मी सुबोधला विचारलं. "आपले आजोबा कशासाठी उभे राहिले होते त्या मैदानात?"

सुबोध हरला. जाताना दारात म्हणाला, "ठेवा प्रवेश. पण तो कॅप्टन थोडा बदला, ताई. हिंदी सिनेमातल्या ठाकुरासारखा बोलतोय. चाबूक काय, मिश्या काय. अशी माणसं कुठे असतात?"

ते मात्र खरं होतं. यॉर्कची मागणी मला झकास जमली होती. कॅप्टनचा नकार जमत नव्हता. तीनदा लिहिला, तीनदा फाडला.

*

नंदाबद्दल सांगायला हवं.

नागपूरला इंदोऱ्यात आमच्या घरापासून तिसरं घर तिचं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. शाळेत जाताना माझ्या दोन वेण्या ती घालून द्यायची, आणि मी तिला नंदाताई म्हणायचे. मी शिकले, ती नववीत सुटली. नवरा गेल्यावर ती एकटीच राहत होती. २००३ मध्ये मी तिला इथे आणलं. घरकामाच्या परवान्यावर. चांगी विमानतळावर ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "ताई, लई मोठं हाय हो हे." मी तिची ताई नव्हते, ती माझी होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ट्रॉली होती, माझी लेक किमया होती, टॅक्सीची रांग होती. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. तीन वर्षं झाली.

तिने घर असं सांभाळलं की लोक हेवा करायचे. मागच्या वर्षी डेंग्यूची साथ होती, त्यात मीही सापडले. बारा दिवस नंदा माझ्या उशाशी होती. किमया तिला मावशी म्हणते. आम्ही जेवतो तेच ती जेवते. तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात, हरवू नये म्हणून. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी वंदना असते, तिथे आम्ही तिला बरोबर नेतो. इथल्या कितीतरी घरांत कामाच्या बायकांना असं नेत नाहीत.

सुबोध येऊन गेल्यानंतरच्या गुरुवारी मी कामावरून आले, तेव्हा ती ओट्यापाशी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, एक बोलायचं होतं."

"बोल ना."

"मले क्लेमेंटीले मीनलताईकडे कामाले जायचं हाय. कागद दिला तिनं. तुमची सही लागते."

मीनल आमच्याच मंडळातली. विद्यापीठात संशोधक, नुकतंच बाळ झालेली. ऑक्टोबरच्या मध्यावर ती कामावर परतणार होती आणि तिला बाई हवी होती. म्हणून तिने माझी बाई पळवायची! माझ्या घरी येऊन, माझ्या हातचं खाऊन. नियम असा, की चालू मालकाने संमतीची सही केली तरच बाईला दुसऱ्या घरी जाता येतं. नाही केली तर परवाना संपला की मायदेशी. मीनलला तो माहीत होता, नंदाला माहीत होता, आणि दोघींनी मिळून माझ्या पाठीमागे ठरवलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय देते ती जास्तीचं?"

"जास्तीचं नाई. रविवारची सुट्टी देते म्हणते. पासपोर्ट माह्याजवळ ठेव म्हणते." मग मेथीची काडी मोडत ती म्हणाली, "वंदना होते तवा मी चुलीपाशी असते, ताई. तीन वर्स झाले. मले एकदाबी बसाले नाई भेटलं."

मी हे ऐकलं. ऐकलं नाही असं आता म्हणता येणार नाही. पण राग आला की माझे कान फक्त सोयीचं ऐकतात.

"तुला इथे काय कमी आहे?" मी म्हटलं. "घरच्यासारखी वागवते तुला. एका ताटात जेवतो आपण. मी नसते तर कुठे असतीस आज? माझ्यामुळे तू विमानात बसलीस, माझ्यामुळे ईस्ट कोस्टचा समुद्र पाहिलास. बाहेर तुला कोण ओळखतं? माझं नाव आहे म्हणून चार माणसं तुझ्याशी नीट बोलतात. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं."

नंदाने मेथी धुवायला घेतली. कागद ओट्यावरच राहिला. मी तो उचलून फ्रिजवरच्या टोपलीत टाकला.

रत्नदीपला सांगितलं तर तो म्हणाला, "सही करून टाक ना. तिचं आयुष्य आहे."

"आणि किमयाला शाळेतून कोण आणणार? तू? तुला तर तिची इयत्ता विचारली तरी हाताची बोटं मोजतोस."

त्याने वर्तमानपत्र उघडलं. त्या रात्री मी लिहायला बसले आणि जे तीनदा फाडलं होतं ते अर्ध्या तासात लिहून झालं. चाबूक गेला, मिश्या गेल्या. माझा कॅप्टन आता खुर्चीत बसून शांतपणे, दुखावल्या आवाजात बोलत होता. तुला इथे काय कमी आहे, यॉर्क? घरच्यासारखा वागवतो तुला. माझ्यामुळे तू महासागर पाहिलास. मी सुबोधला फोनवर वाचून दाखवलं.

"आता माणूस वाटतो," तो म्हणाला. "कुठून सुचलं हो?"

"सुचतं," मी म्हटलं.

खरं सांगते, मला तेव्हा कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. लिहिताना माझा हात एकदा थांबला होता. पण वाक्यं इतकी चांगली उतरत होती की मी त्याला थांबू दिलं नाही.

*

पुढचे दोन आठवडे आमच्या दिवाणखान्यात तालमी. यॉर्क म्हणजे माझी किमया, वय अकरा. कॅप्टन म्हणजे सुबोधचा धनेश. नंदाने जुन्या कांबळ्याची रानरेड्यांच्या कातड्यांसारखी पांघरुणं शिवली. ती माझ्याशी पहिल्यासारखीच बोलत होती. चहा वेळेवर होता, डबा वेळेवर होता. मला वाटलं, मिटलं.

एका दुपारी किमया संवाद पाठ करता करता मध्येच थांबली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मम्मा, व्हाय ही नेव्हर रन अवे? ही गॉट गन, लाह. ही नो द वे."

"पळून कुठे जाणार? कागद नव्हते त्याच्याकडे. कागद मालकाकडे."

"सो अनफेअर."

"आहेच," मी म्हटलं, आणि त्यावर तिला दहा मिनिटं भाषण दिलं. नंदा तिथेच किमयाच्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री करत होती. तिने कॉलर उलटी केली, आतून इस्त्री फिरवली, पुन्हा सुलटी केली. मीनलने त्या दिवसांत मला दोनदा फोन केला. मी उचलला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत. समोर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. वंदना सुरू झाली तेव्हा माझी नजर पहिल्यांदाच बाजूला गेली. रंगमंचाच्या डाव्या अंगाला लहानसं स्वयंपाकघर होतं, त्याचं दार अर्धं उघडं होतं. नंदा मोठ्या पातेल्यातली खीर ढवळत होती आणि तिचे ओठ हलत होते. सगळ्यांबरोबर तीही म्हणत होती, खीर बुडाला लागू नये म्हणून हात न थांबवता. मी मान पुढे वळवली. बुद्धं सरणं गच्छामि म्हटलं, आणि बावीस प्रतिज्ञांमधली सर्व माणसं समान मानण्याची प्रतिज्ञा मी इतक्या खणखणीत आवाजात घेतली की शेजारची बाई माझ्याकडे पाहायला लागली.

नाटक रंगलं. होड्या ओढताना मुलं खरोखर घामाघूम झाली. गारांच्या प्रवेशात थर्मोकोलचे गोळे पडले, त्याला टाळ्या. समुद्राला टाळ्या. मग शेवटचा प्रवेश. किमया पाठीवर बोचकं घेऊन धनेशच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"कॅप्टन, मी तुमच्याबरोबर गेलो आणि तुमच्याबरोबर परत आलो. आता मला जाऊ द्या. तुमची सही हवी."

धनेश तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला. पोरगं विसरलं होतं. मी रंगमंचाच्या उजव्या कडेला संहिता घेऊन बसले होते, सांगायचं काम माझं. पान उघडं होतं, वाक्य समोर होतं. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. ते वाक्य मोठ्याने म्हणायचं, नंदाच्या देखत.

"तुला इथे काय कमी आहे?"

आवाज डावीकडून आला. नंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात डाव. तिला धनेशला मदत करायची होती, एवढंच मी आजही धरून चालते. पण ती तिच्या बोलीत बोलली नाही. माझ्या बोलीत बोलली. माझे हेल, माझी ओढून शिकलेली शुद्ध मराठी, सगळं जसंच्या तसं.

धनेश खुलला. "तुला इथे काय कमी आहे?" तो मोठ्याने म्हणाला, आणि पुढे पुन्हा अडला.

"घरच्यासारखी वागवते तुला," नंदा म्हणाली. "माझ्यामुळे तू विमानात बसलीस. माझ्यामुळे ईस्ट कोस्टचा समुद्र पाहिलास."

हॉलमध्ये हशा पिकला. १८०६ साली विमान आणि ईस्ट कोस्ट! बिचारीचं पाठांतर घसरलं, असं सगळ्यांना वाटलं. मीनल हसली नाही. बाळाला खांद्यावर घेऊन ती तिसऱ्या रांगेत बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती. रत्नदीप हसला नाही. किमयाने बोचकं घेऊन विंगेत जायचं होतं, पण ती कॅप्टनकडे पाठ करून माझ्याकडेच बघत उभी राहिली. शेवटी रत्नदीपने दिवे घालवले.

जेवताना सगळ्यांनी मला घेरलं. कॅप्टन काय जमलाय, सुलेखाताई. अगदी घराघरातला वाटतो. मी हसून मान डोलवत होते आणि आतून पेटले होते. आधी नंदावर. हे लपवत नाही. चारचौघांत माझी लाज काढली, तिला खाऊ घातलं, औषधपाणी केलं, हेच का फळ, असं खीर वाढून घेताना माझ्या मनात चाललं होतं. ती वाढत होती. ऐंशी माणसांना वाढून झाल्यावर ती पातेलं खरवडायला बसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून तिला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

*

घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. किमया माझ्याशी न बोलता तिच्या खोलीत गेली. नंदाने हातपाय धुतले आणि ती सरळ ओट्याकडे गेली, संध्याकाळचा वरणभात करायला.

मी कपाट उघडलं. तिचा पासपोर्ट माझ्या दागिन्यांच्या डब्याखाली होता. त्यातल्या फोटोत ती चाळिशीची दिसत होती. तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती. मला राग येत होता, पण आता तो ठेवायला जागा सापडत नव्हती. सुबोधवर ठेवता येईना, मीनलवर येईना, त्या दोनशे वर्षांपूर्वीच्या कॅप्टनवर तर मुळीच येईना. त्याने निदान शरणं गच्छामि म्हणून हे केलं नव्हतं.

फ्रिजवरच्या टोपलीतून कागद काढला. त्यावर लसणाची सालं पडली होती. ओट्यावर ठेवूनच सही केली आणि कागद, वर पासपोर्ट, असं तिच्यासमोर सरकवलं. हात पुसून तिने कागद घेतला, सही नीट पाहिली, पासपोर्ट उघडून स्वतःचा फोटो पाहिला. मग दोन्ही ओढणीत गुंडाळून घेतलं.

मी वाट पाहत होते. कशाची, ते सांगायला लाज वाटते. ताई, तुम्ही माझं खूप केलंत, असं ती म्हणेल याची वाट पाहत होते.

तिने कुकरचं झाकण लावलं, शिट्टी ठेवली, गॅस मोठा केला आणि पायात चपला घातल्या.

"मी खाली जाऊन येते."

"काय आणायचंय?" माझ्या तोंडून सवयीने गेलं.

"काई नाई."

दार उघडून ती थांबली. तीन वर्षांत ती पिशवी न घेता दाराबाहेर पडलेली मी पाहिली नव्हती. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पूर्वी वेणी घालताना मी हलले की पाहायची, तसं.

"सुलेखा," ती म्हणाली, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर."

लिफ्टचा आवाज आला आणि गेला. मी ओट्यापाशी उभी राहिले आणि शिट्ट्या मोजायला लागले.